मी तुला सांगितलेला नववा भाग

अक्का, परवा तुझा दहावा झाला. पाहुणे गेले. शेजारून आणलेली पातेली, घागरी ज्याच्या त्याच्या घरी पोचत्या झाल्या. राणी म्हणाली, आई, चल आता बीडला माझ्याकडं. मी म्हटलं, तू हो पुढं, मी दोन दिवस इथंच नेकनूरला राहते. अक्काच्या म्हशीची धार कोण काढणार?

ती म्हैस मला जवळ येऊ देत नव्हती. दोन दिवस लाथा झाडल्या. शेवटी तुझं दांडीवरचं हिरवं लुगडं अंगाभोवती गुंडाळून गेले, तेव्हा उभी राहिली. वास घेतला आणि उभी राहिली. मी धार काढत होते आणि रडत होते, आणि ती बिचारी हलली नाही.

येणारा जाणारा विचारतो, काय झालं होतं? मी सांगते. रक्तदाब होता, बीडला दवाखान्यात ठेवलं होतं, आठ दिवसांनी घरी आणलं, सकाळी चहा मागितला आणि गेली. आता हे इतक्या वेळा सांगून झालंय की मला ते पाठ झालंय, आणि त्यात तू कुठंच नाहीस. म्हणून राणीची जुनी वही काढून बसले आहे. तुझ्याशी बोलायचं राहिलंय ते लिहून काढते.

मी लग्न होऊन आले तेव्हा तू थोरली जाऊ. माझ्या आईनं निघताना सांगितलं होतं, जावेला मान दे, तुम्ही म्हण. पहिले दोन महिने मी 'अहो जाऊबाई' म्हणायचे. एकदा चुलीपुढं तू माझ्या हातातली फुंकणी काढून घेतलीस. म्हणालीस, "मला तुमी म्हनू नकू. मी काय मास्तरीन हाय का? अक्का म्हन." तेव्हापासून अक्का आणि तू. सासूबाई आधीच गेलेल्या. घरात दोघे भाऊ आणि आपण दोघी. तुला मूल नव्हतं, त्यावरून गावात कोण काय बोलायचं ते तू मला कधी सांगितलं नाहीस, मीच पाणवठ्यावर ऐकलं.

दिवाळी झाली की तू आणि भाऊजी कोयता घेऊन टोळीबरोबर ऊसतोडीला जायचात. मी घरी राहायचे. पण त्या दुष्काळाच्या साली ऊसच नव्हता. एरवी उन्हाळ्यापर्यंत चालणारा कारखाना संक्रांतीनंतर थोड्याच दिवसांत बंद झाला. पट्टा पडला, हंगाम संपला म्हणून गाड्या परतल्या आणि आपलं सगळं शिरूर कासार तालुक्यातलं गाव फेब्रुवारीतच भरून गेलं. माणसं होती, पाणी नव्हतं. दिवसा आपण दोघी पाझर तलावाच्या कामावर खडी फोडायचो. राणी सव्वा वर्षाची, तिला बाभळीला झोळी बांधून ठेवायचे.

हे तेव्हा गावच्या दूध संस्थेत कामाला होते. दूध मोजायचं, फॅट काढायची, कॅन गाडीत चढवायचे. पण गुरांना चारा नव्हता तर दूध कुठून येणार? संध्याकाळचं संकलन बंदच पडलं होतं. संस्थेच्या खोलीत मात्र टीव्ही होता. चेअरमननी गावासाठी आणलेला, लाकडी पेटीत, कुलूपबंद. किल्ली यांच्याकडं. म्हणून आपल्याला जागा पुढची. तू आडव्या केलेल्या रिकाम्या कॅनवर बसायचीस आणि तो गडगडू नये म्हणून मी पाय लावून धरायचे.

गुरुवारी दिवेलागणीनंतर ती मालिका लागायची. तेरा भागांची. रहस्यमालिका म्हणतात हे मला यांनी सांगितलं, तू तिला 'त्या बंगल्याचं' म्हणायचीस. समुद्राकाठी बंगला, तो बायकोच्या बापानं तिच्या नावावर केलेला. नवरा गोड बोलणारा. आणि एक दुसरी बाई, नेहमी काळा चष्मा घालणारी, जी बायकोची मैत्रीण म्हणून घरात यायची आणि खरं तर त्या नवऱ्याची होती. दोघं मिळून बायकोचा काटा काढायच्या मागं लागले होते. पहिल्याच भागात आपल्याला ते कळलं होतं, फक्त त्या बायकोला माहीत नव्हतं. निदान आपल्याला तसं वाटत होतं.

सगळ्या बाया श्वास धरून बघायच्या. तू मात्र टीव्हीशी बोलायचीस. नवरा दुधाचा पेला घेऊन जिना चढायला लागला की तू म्हणायचीस, "बये, पिऊ नकू. मांजराला घाल आधी." एकदा तिला होडीत बसवून नेलं, तेव्हा तू उठून उभीच राहिलीस आणि कॅन माझ्या पायावर आला. अंगठ्याचं नख काळं पडलं. आठवडाभर मी लंगडत कामावर गेले आणि तू लोकांना सांगायचीस, होडीत अपघात झाला हिचा.

इतकं हसायचो आपण त्या साली. आज सांगितलं तर कुणाला खरं वाटायचं नाही.

आणि एक होतं. त्या चष्मेवालीला मी शिव्या द्यायचे, तू द्यायची नाहीस. ती पडद्यावर आली की सगळ्या बाया बोटं मोडायच्या आणि तू गप्प. घरी येताना मी एकदा विचारलं, अक्का, तुला तिचा राग कसा येत नाही? तू डोक्यावरचा पदर सारखा करत म्हणालीस, "राग यायला ती कुठं माझी कोन हाय? तिलाबी त्यो गोडच बोलत असंल."

तेव्हा मला कळलं नाही की तू टीव्हीतलं बोलत नव्हतीस.

शेवंताचं तू मला एप्रिलात सांगितलंस, तलावावर, खडीच्या ढिगाच्या सावलीत भाकरी खाताना. टोळीत ती भावाबरोबर ऊस तोडायला यायची. नवऱ्यानं टाकलेली. फडातल्या तुमच्या पाचटाच्या कोपीच्या शेजारी त्यांची कोपी. भाऊजी तिच्या मोळ्या गाडीवर चढवून द्यायला लागले, मग तिची भाकरी तुमच्या कोपीत यायला लागली, मग भाऊजींची तिकडं जायला लागली. तू हे असं सांगितलंस, जसं काय कुणाचा बैल कुणाच्या रानात गेला. मी रडायला लागले. तू मला पाणी दिलंस. म्हणालीस, "मला समदं ठाऊक हाय. त्येंना वाटतं, न्हाई. बघू कुठवर जातेत."

मी यांना सांगितलं नाही. यांना माहीत होतं हे मला नंतर समजलं.

तुझ्या वडिलांना मुलगा नव्हता. नेकनूरची दोन एकर आणि विहीर त्यांनी जाताना तुझ्या नावावर केली होती. चुलतभाऊ अर्धेलीनं कसायचा. एरवी त्या जमिनीकडं कुणाचं लक्ष नव्हतं, पण त्या साली पंचक्रोशीतल्या विहिरी तळाला गेल्या आणि तुझ्या विहिरीला माणूस बुडेल असं परसभर पाणी राहिलं. भाऊजी दोनदा नेकनूरला जाऊन आले. आल्यावर एकदम तुझ्याशी नीट बोलायला लागले. म्हणाले, विहिरीवर मोटर बसवायची, सोसायटीचा फॉर्म भरायचाय, जमीन तुझ्या नावानं आहे म्हणून अंगठा तुझा लागेल, पुढच्या सोमवारी बीडला जायचं. तू बरं म्हणालीस.

तो कागद मला यांच्या पिशवीत सापडला. डेअरीच्या पावत्यांच्या खाली, पुठ्ठ्यात घालून ठेवलेला. मी दहावी शिकलेली. स्टॅम्पचा कागद होता आणि त्यावर ठळक अक्षरात 'बक्षीसपत्र' लिहिलं होतं. खाली तुझं नाव, जमिनीचा गट, चतुःसीमा, विहिरीसह, आणि हे सगळं तू पतीला राजीखुशीनं देत आहेस असं. साक्षीदार म्हणून यांचं नाव.

मी यांना विचारलं तेव्हा हे खाली मान घालून बसले. दादा शेवंताला घेऊन नेकनूरला राहणार, म्हणाले. इथलं घर आणि ओढ्याकाठचं रान आपल्याला सोडणार. आणि अक्का? अक्काला कोण टाकून देतंय, म्हणाले, राहील की इथंच आपल्यात. मग त्यांनी झोपलेल्या राणीकडं बोट केलं. तिच्या डोक्यावर हात ठेवून शपथ घे म्हणाले, की तू अक्काला यातलं काही सांगणार नाहीस. मी हात ठेवला.

तू तेव्हा छावणीवर होतीस. आपले दोन्ही बैल कारखान्याच्या जवळच्या गुरांच्या छावणीत बांधले होते, आणि घरातल्या एकाला तिथं राहावं लागायचं. बुधवारपासून तुझी पाळी होती, म्हणून गुरुवारचा नववा भाग तुझा चुकला. शुक्रवारी दुपारी मी दुधाच्या टेम्पोतून भाकरी घेऊन तुझ्याकडं आले. शेकडो जनावरं दावणीला, वर पाचटाचे मांडव, मध्ये पाण्याचा टँकर आणि धुळीत बसलेली माणसं. तू बैलांच्या मध्ये पोतं अंथरून बसली होतीस.

भाकरी सोडली आणि तू म्हणालीस, "काल काय झालं सांग. प्यायली का दूध?"

त्या भागात खरं तर विशेष काही झालं नव्हतं. चष्मेवाली आणि नवरा हॉटेलात भेटतात आणि त्यांचं भांडण होतं, एवढंच. मी तुला ते सांगितलं नाही. मी म्हटलं, अक्का, काल नवऱ्यानं बायकोला एक कागद आणून दिला. म्हणाला, सोसायटीचा फॉर्म आहे. बंगल्यावर मोटर बसवायची आहे. आणि तो फॉर्म नव्हताच. त्यावर लिहिलं होतं की हा बंगला मी नवऱ्याला बक्षीस देते. तिनं न वाचताच अंगठा द्यायला हात पुढं केला.

तू भाकरीचा तुकडा मोडत होतीस. मोडता मोडता थांबलीस.

"ती तर शिकलेली हाय की," तू म्हणालीस. "पत्रं लिवती, विंग्रजी वाचती. अंगठा कावून देईल ती?"

मी बैलाच्या पाठीवरचं गोचीड काढायला लागले. तू माझ्याकडं बघत होतीस हे मला न बघता कळत होतं. टँकरवर बायांची ओरड चालली होती.

मग तू तुकडा तोंडात टाकलास. "बरं, पुढं सांग," म्हणालीस. "कुठं द्यायचाय अंगठा? घरात का कचेरीत?"

मी म्हटलं, "कचेरीत. साहेबापुढं."

"मग साहेबाला वाचता येत असंल."

"येतं," मी म्हटलं.

तू मान हलवलीस आणि राहिलेली भाकरी चटणी लावून, पाण्याचा घोट घेत, सगळी खाल्लीस.

सोमवारी काय झालं ते मला यांनी सांगितलं, तू कधीच नाही. आदल्या दिवशी तू छावणीवरून घरी आली होतीस. सकाळी तू, भाऊजी आणि हे बसनं बीडला गेलात. तू नवं लुगडं नेसली होतीस. रजिस्ट्रीच्या कचेरीत नंबर आला, शाईची डबी पुढं आली, भाऊजींनी तुझा हात धरला. तू हात काढून घेतलास आणि टेबलापलीकडच्या माणसाला म्हणालीस, "सायेब, मला वाचाया येत न्हाई. तुमी वाचून दावा." त्यानं वाचलं. मोठ्यानं, पहिल्यापासून शेवटपर्यंत, विहिरीसह. सगळी कचेरी ऐकत होती. संपल्यावर तो म्हणाला, बाई, हे राजीखुशीनं आहे ना? तू म्हणालीस, "न्हाई." एवढंच. भाऊजींकडं बघितलंही नाहीस. कचेरीतनं उतरलीस, स्टँडवर गेलीस आणि गावाकडच्या बसमध्ये न बसता नेकनूरच्या बसमध्ये बसलीस.

अंगावरच्या लुगड्यानिशी. चुलीपुढं तुझं पीठ चाळलेलं तसंच होतं, संध्याकाळी परत येऊन भाकरी टाकणार म्हणून. मी त्या पिठाच्या भाकरी केल्या. कुणी खाल्ल्या नाहीत.

भाऊजी शेवंताला घेऊन दुसऱ्या गावी राहिले. तू परत कधी सासरी आली नाहीस, आणि मला वाटायचं, आता मलाही तुझा दरवाजा बंद. महिनाभरानं निरोप आला, राणीला घेऊन ये, विहिरीवर भाजी लावलीय, पोरीला हिरवं काहीतरी खाऊ घाल. मी आले. तू राणीला कडेवर घेतलंस आणि मला म्हणालीस, "त्या बंगल्याचं संपलं का? काय झालं शेवटाला?"

मी शेवट खराखुरा सांगितला. बायकोला सगळं पहिल्यापासून माहीत होतं. होडीच्याही आधीपासून. ती मुद्दाम गप्प राहिली होती, आणि शेवटच्या भागात पोलीस आल्यावर ते दोघं एकमेकांवर ढकलायला लागले. शेवटी ती एकटी बंगल्यात बसलेली दाखवली.

त्यावरून आपलं भांडण सुरू झालं ते कधी संपलंच नाही. मी म्हणायचे, माहीत होतं तर पहिल्याच दिवशी पोलिसांत का गेली नाही? उगाच जीव धोक्यात घातला. तू म्हणायचीस, ती वाट बघत हुती. कशाची वाट, मी विचारायचे. तू म्हणायचीस, "त्येला लाज वाटायची. कवा तरी पेला खाली ठिवंल म्हनून." मला हे पटायचं नाही. अशा माणसाला कसली लाज, मी म्हणायचे. तू हसायचीस आणि दुसरंच काहीतरी काढायचीस.

आणि दर खेपेला विचारायचीस, त्या चष्मेवालीचं पुढं काय झालं? मी म्हणायचे, जेलात गेली असेल. "असंल," तू म्हणायचीस. "पन तिला कुनी खरं सांगितलं हुतं का, ते टीव्हीवाल्यांनी दावलं न्हाई." मी चिडायचे. म्हणायचे, अक्का, काही बायका वाईटच असतात, मान्य कर. तू मान्य करायची नाहीस. कधी उन्हाळ्यात शेंगा फोडताना, कधी राणीच्या लग्नाच्या पापडांच्या वेळी, एवढंच काय दवाखान्यात सलाईन लागलेलं असताना सुद्धा आपण त्या कुणी लिहिलेल्या, कुणी वठवलेल्या बाईवरून वाद घातला. नर्स म्हणाली, आजी, कोण आहे ही बाई? तू म्हणालीस, "हिची दुश्मन."

राणी पाचवीपासून तुझ्याकडं राहून शिकली. तिनं तुला सही करायला शिकवलं, ते मला फार उशिरा कळलं. तुझी महिला दूध संस्था झाली, तुला चेअरमन केलं, आणि पहिल्या बैठकीला मी येऊन मागं बसले होते. रजिस्टर फिरत तुझ्यापुढं आलं. बाकीच्या बाया शाईची डबी सरकवत होत्या. तू पेन घेतलंस आणि खूप वेळ लावून, एकेक अक्षर ओढून, कौसल्या लिहिलंस. आडनाव लिहिलं नाहीस. सेक्रेटरी म्हणाला, पूर्ण नाव लागतं. तू म्हणालीस, एवढंच येतं. तुला आडनावही येत होतं, हे मला राणीनं नंतर सांगितलं.

भाऊजी परत आले तेव्हा मी तुझ्यावर रागावले होते, आठवतं ना? बारा-तेरा वर्षांनी, अर्धं अंग गेलेलं, तोंड वाकडं झालेलं. मला कुणीतरी सांगितलं की तुझ्या ओट्यावर आणून बसवलंय. मी धावत आले तर तू त्यांना भात कालवून भरवत होतीस. मी वाटेल ते बोलले. तू म्हणालीस, "दारात आलेलं जनावर सोडत न्हाई आपन." त्यांना ऐकू गेलं. त्यांच्या डोळ्यांतून पाणी आलं आणि तू पदरानं ते पुसलंस आणि घास भरवत राहिलीस. दीड वर्ष, ते जाईपर्यंत. माझ्या डोळ्यांसमोर त्यांनी एकदा चांगला हात तुझ्या पायाकडं नेला, तू पाय मागं घेतलास. लाज वाटायची वाट बघत होतीस ना? मी तेव्हाही हे बोलले नाही. बोलले असते तर तू जिंकली असतीस.

आता परवाचं सांगते.

दहाव्याला सगळे विहिरीपाशी जमले होते. एक म्हातारी बांधावर उभी होती. काटकी, पांढरं कपाळ, हातात कापडी पिशवी. कुणी तिला ओळखेना. मीही ओळखलं नाही. तिच्याजवळ गेले तर म्हणाली, "मी शेवंता." मी तिला आयुष्यात पहिल्यांदा बघत होते, आणि इतकी वर्षं मी तिला काळा चष्मा घालून बघत आले होते.

मी काही कडू बोलणार होते. ती आधीच बोलली.

"त्येंना मीच आनून सोडलं हुतं अक्कांच्या दारात," ती म्हणाली. "मला येकटीला उचलंना. आनून सोडलं आन निघाले, तर अक्का म्हनल्या, जेवून जा."

मग आम्ही बाभळीखाली बसलो आणि तिनं सांगितलं. तिला भाऊजींनी सांगितलं होतं की बायको खुशीनं जमीन लिहून देते आहे. तिला मूल नाही, तिनंच दुसरं घर करा म्हटलंय, म्हातारपणी दोघींनी मिळून राहायचं ठरलंय. बीडहून भाऊजी हात हलवत आले तेव्हा तिला खरं कळलं. तिचा भाऊ तिला परत घ्यायला तयार नव्हता. "मी कुठं जानार हुते," ती म्हणाली. तुझ्या दारात जेवायला बसली तेव्हा तिनं हे सगळं तुला सांगायला सुरुवात केली, तर तू म्हणालीस, मला ठाऊक हाय, भात घे. त्यानंतर दर वर्षी ऊसतोडीवरून परतताना ती एक दिवस तुझ्याकडं उतरायची. तुम्ही दोघी ओट्यावर बसून शेंगा खायचात.

दर वर्षी, अक्का! इतकी वर्षं. आणि मला तू एका शब्दानं सांगितलं नाहीस. मला वाईट वाटलं, खोटं कशाला बोलू. मी चिडेन म्हणून सांगितलं नसशील. चिडलेच असते.

मी तिला हाताला धरून बायकांत आणून बसवलं. वाढताना तिच्या पानात मीच वाढलं. कुणीतरी विचारलं, कोण ह्या? मी म्हटलं, अक्काची पाहुणी. संध्याकाळी तिला बसमध्ये बसवून दिलं आणि तेव्हापासून एकच गोष्ट माझ्या डोक्यातून जात नाही. तीच लिहायला ही वही काढली, बाकी सगळं तिच्याभोवती फिरत बसले.

तू कायम मला मान दिलास. राणीला म्हणायचीस, तुझी आई नसती तर मी रस्त्यावर असते. हे 'का' ते तू तिला कधी सांगितलं नाहीस आणि मलाही उघड म्हणाली नाहीस, पण तुझ्या मनात काय होतं ते मला कळायचं. शपथेचं तुला पुढं यांच्याकडून कळलं होतं. राणीच्या डोक्यावर हात ठेवून घेतलेली शपथ मोडून, लेकीच्या जिवाचा धोका पत्करून, जावेनं सांगितलं. असंच वाटायचं ना तुला?

अक्का, तो कागद मला सोमवारी सापडला होता. सोमवारी तू छावणीवर नव्हतीस, घरीच होतीस. मी कागद वाचला, परत पुठ्ठ्यात घातला आणि स्वयंपाकघरात आले, तर तू भाकरी थापत होतीस. मी तुझ्या शेजारी बसून भाजल्या. मंगळवारी दिवसभर आपण एका ढिगावर खडी फोडली. बुधवारी सकाळी तू छावणीकडं निघालीस, मी तुला वेशीपर्यंत पोचवायला आले. यांनी शपथ घातली ती बुधवारी संध्याकाळी. तोपर्यंत मला कुणी अडवलं नव्हतं. मी आपणहून गप्प होते. ओढ्याकाठचं रान माझ्या डोळ्यांपुढं होतं. सगळं घर आपलं होईल, अक्का काय, राहील की आपल्यात, हे यांनी म्हणायच्या आधी दोन दिवस मी माझ्या मनाशी म्हणून झाले होते. शेवंताला कुणी खरं सांगितलं नव्हतं. मी वाचलं होतं.

शुक्रवारी टेम्पोतून येताना सुद्धा माझं ठरलेलं नव्हतं. तुला आठवत नसेल, पण भाकरी सोडण्याच्या आधी, मालिकेचं विचारण्याच्या आधी तू मला आणखी एक विचारलं होतंस. बुधवारी राणीला ताप होता. मी टेम्पोतून खाली उतरायच्या आत तू ओरडून विचारलंस, पोरीचा ताप उतरला का? मी हो म्हटलं, तेव्हा तू छातीवर हात ठेवलास. छावणीत दोन दिवस तू तेवढंच धरून बसली होतीस. मग मला राहवलं नाही. राणीच्या तापानं तुला सांगितलं अक्का, मी नाही.

हे तुला सांगायला मला तीसएक वर्षं मिळाली होती. दवाखान्यातल्या आठ दिवसांत रोज ठरवायचे, आज सांगू. तू रागावशील, तोंड फिरवशील याची भीती मला कधीच वाटली नाही. तू काय म्हणाली असतीस ते मला पक्कं माहीत होतं. मला ठाऊक हाय, म्हणाली असतीस, आणि ताट पुढं केलं असतंस. तेच मला सोसलं नसतं, म्हणून नाही सांगितलं.